बंदी आणि पोथी: वंशवादाच्या अभ्यासापुढचे दोन धोके

अमेरिकेतील महाविद्यालयांत वंशवाद आणि वंशवादविरोध हा विषय शिकवावा की नाही, यावर २०२० पासून तिथे रान पेटले आहे. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मात्र मान्य दिसते. हा विषय विद्यापीठात नवा आहे, चळवळीने तो बाहेरून आणून बसवला, असे दोघेही धरून चालतात. एका बाजूला त्याचा अभिमान वाटतो, दुसरीला संताप येतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९२८ च्या सुमारास अमेरिकी महाविद्यालयांत युजेनिक्सचे, म्हणजे सुप्रजननशास्त्राचे, पावणेचारशेच्या आसपास अभ्यासक्रम चालत होते. त्यांत आनुवंशिकीचे नियम होते, संख्याशास्त्र होते, मानसशास्त्राच्या बुद्धिमापन चाचण्या होत्या, मानववंशशास्त्रातली कवट्यांची मोजमापे होती आणि शेवटी कायद्याने काय करावे याच्या शिफारशी होत्या. आज ज्याला आपण कौतुकाने आंतरविद्याशाखीय म्हणतो, तसाच तो विषय होता. विद्यापीठाने वंशवादाचा अभ्यास सुरू करण्याआधी वंशवादच अभ्यासक्रम म्हणून शिकवला होता.

त्याचे परिणाम वर्गापुरते राहिले नाहीत. १९१० मध्ये न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ‘युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस’ उभे राहिले. हॅरिमन कुटुंबाच्या आणि पुढे कार्नेगी संस्थेच्या पैशावर ते चालले. तिथल्या हॅरी लाफलिन यांनी सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्याचा नमुना लिहिला. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांना रोखणारा आणि आशियाई लोकांना जवळजवळ दारच बंद करणारा १९२४ चा स्थलांतर कायदा होत असताना संसदीय समितीपुढे त्यांनीच ‘तज्ज्ञ’ म्हणून आकडे मांडले. १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सक्तीचे निर्बीजीकरण वैध ठरवले. पुढच्या काही दशकांत साठ हजारांहून अधिक माणसांवर ते लादले गेले. १९३३ च्या जर्मन निर्बीजीकरण कायद्यामागे लाफलिन यांचा नमुना होता आणि १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. या साऱ्यात गावगुंड कोणी नव्हते. स्वतःला प्रागतिक म्हणवणारे प्राध्यापक, डॉक्टर, न्यायाधीश आणि समाजसुधारक त्यात होते.

यातून दोन धडे निघतात आणि ते एकत्रच घ्यावे लागतात. जी गाठ अनेक शास्त्रांनी मिळून बांधली, ती एका शास्त्राला सुटणार नाही, हा पहिला. म्हणून वंशवादाचा अभ्यास अनेक विद्याशाखांनी मिळूनच करावा लागतो. दुसरा धडा सहसा सांगितला जात नाही. अनेक शाखा एकत्र येणे हे काही आपोआप पुण्य ठरत नाही. सुप्रजननशास्त्रातही त्या एकत्र आल्या होत्या, पण एकमेकींना तपासायला नव्हे, तर एकमेकींना आधार द्यायला. संख्याशास्त्रज्ञ म्हणे, वंश तर मानववंशशास्त्रज्ञांनीच ठरवले आहेत. मानववंशशास्त्रज्ञ म्हणे, आकडे तर संख्याशास्त्रज्ञांचेच आहेत. कायदेपंडित दोघांवर विसंबला. प्रत्येकाची शंका दुसऱ्याच्या दारात जाऊन विरली.

ही साखळी तुटली ती तपासणीने. फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. कृष्णवर्णीयांच्या जास्त मृत्युदराचे मूळ त्यांच्या वंशातच आहे, त्यामुळे हा समाज हळूहळू नष्ट होणार, असा त्याचा निष्कर्ष होता आणि विमा व्यवसायाला तो सोयीचा होता. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी या ग्रंथावर टीका करताना आकडे नाकारले नाहीत. त्याच काळात युरोपातल्या काही शहरांतले गोरे लोक याहून जास्त प्रमाणात मरत होते, एवढेच त्यांनी दाखवले. मग मरणाचे कारण वंश कसा? त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून त्यांनी घरभाडे, मजुरी, आजार, शिक्षण, गुन्हे यांची नोंद केली. १८९९ चा ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हा ग्रंथ त्यातून आला. इतिहास, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्रत्यक्ष पाहणी एकाच माणसाच्या हातात एकमेकांची उलटतपासणी करत होती.

कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी हजारो स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्यांचा आकार आईबापांपेक्षा बदललेला आढळला. जो आकार वंशाची न बदलणारी खूण मानला जाई, तो एका पिढीत हलला. याच विद्यापीठात १९१६ मध्ये बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एका मराठी विद्यार्थ्याने जातीवर निबंध वाचला. त्या भीमराव आंबेडकरांनी पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात नाकांच्या मोजमापांचाच आधार घेतला. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांनी तपासलेली त्याच प्रकारची मापे घेऊन आंबेडकरांनी दाखवले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. दुसरा मराठी दुवा बर्लिनमधला आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. फिशर हे पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ ठरले. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असा तिथला कयास होता. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. मार्गदर्शकाच्याच पद्धतीने मार्गदर्शकाचा कयास खोडणे, याला अभ्यास म्हणतात.

विद्यापीठात या विषयाला स्वतःचे दालन मिळायला मात्र १९६८ उजाडावे लागले. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो पुढच्या मार्चपर्यंत चालला. पोलीस आले, अटका झाल्या, प्राचार्य एस. आय. हायाकावा यांनी संपकऱ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या तारा स्वतःच्या हाताने उपटल्या. १९६९ मध्ये तिथे वांशिक समूहांच्या अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले. त्या दालनाचा पाया घामाचा आहे, हे विसरून त्याच्यावर बोलणे अन्यायाचे ठरेल. पण संपाने दालन मिळते. दालनात काय चालावे ते संप ठरवू शकत नाही.

आज या अभ्यासाची गरज किती, हे पाहायला घोषणांपेक्षा मूत्रपिंडाचे एक सूत्र जास्त उपयोगी आहे. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड किती काम करते याचा अंदाज बांधण्यासाठी १९९९ मध्ये अमेरिकेत एक सूत्र प्रसिद्ध झाले. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या उत्तराला सुमारे १.२ ने गुणायचे, असे त्यात होते. कृष्णवर्णीयांच्या शरीरात स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिन जास्त, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. अमेरिकेत प्रत्यारोपणासाठी प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती हा आकडा २० किंवा त्याखाली आल्यावर. समजा, उत्तर १८ आले. गोऱ्या रुग्णाचा काळ सुरू झाला. कृष्णवर्णीय रुग्णाचे १८ गुणाकाराने साडेएकवीसच्या पुढे गेले, तो थांबला. त्याच्याशी कोणी उर्मटपणे बोलले नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात गुणाकार झाला, इतकेच.

हे एकट्या मूत्रपिंडतज्ज्ञाला दिसणे कठीण होते, कारण त्याच्या परीने सूत्र आकड्यांवर बेतलेले होते. ‘कृष्णवर्णीय’ या चौकटीत नेमके कोण बसते, आई गोरी आणि बाप काळा असलेल्याचे काय, हे समाजशास्त्राने विचारायचे. जास्त स्नायूंची समजूत कुठून आली, हे इतिहासाने पाहायचे. वंश हा दुसऱ्याच कशाचा तरी बदली आकडा नाही ना, हे संख्याशास्त्राने तपासायचे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हे प्रश्न वर्गात विचारायला सुरुवात केली, काही रुग्णालयांनी गुणक काढला आणि २०२१ मध्ये तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थांनी वंशविरहित सूत्र स्वीकारले. जानेवारी २०२३ पासून जुन्या सूत्रामुळे मागे पडलेल्या रुग्णांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा मोजायला सुरुवात झाली. हजारो माणसांना गमावलेले महिने आणि वर्षे कागदावर तरी परत मिळाली.

ऑक्सिमीटरची गोष्ट आपल्याही ओळखीची आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरोघरी तो बोटाला लागला होता. गडद त्वचेवर हे यंत्र चुकते, हे १९९० मध्येच एका अभ्यासात दिसले होते. मिशिगनच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी प्राणवायू असण्याचे प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघाले. मधली तीस वर्षे यंत्रे विकली जात होती आणि वापरलीही जात होती. माहिती होती, पण ती ज्याचा विषय आहे असा विभाग नव्हता.

आता पहिल्या धोक्याकडे, म्हणजे बंदीकडे. ॲरिझोनाने २०१० मध्ये केलेल्या कायद्यामुळे टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास बंद पडला. त्यामागे वांशिक आकस होता, असा निर्वाळा संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला; तोवर शिकण्याच्या वयाची मुले मोठी होऊन निघून गेली होती. फ्लोरिडाने २०२२ मध्ये वंशाविषयी काही कल्पना वर्गात मांडण्यावर बंधने घालणारा कायदा केला. महाविद्यालयांपुरता तो न्यायालयाने रोखला, पण जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या नियामक मंडळाने समाजशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम सामायिक विषयांच्या यादीतून वगळला. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालये १ जानेवारी २०२४ पासून कायद्याने बंद झाली. २०२५ मध्ये संघीय शासनाने आरोग्यातल्या वांशिक तफावतींवरच्या अनेक संशोधनांची अनुदाने रद्द केली.

बंदीच्या समर्थकांचे म्हणणे एकदम झटकून टाकण्यासारखे नाही. अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्या जन्मावरून अपराधी ठरवू नये, हे बरोबरच आहे. पण कायदा एका वाईट तासाला मारायला जातो आणि हजार चांगल्या तासांना गप्प करतो. शब्द मोघम, शिक्षा नक्की, अशी स्थिती असली की प्राध्यापक सर्वांत सुरक्षित मार्ग धरतो आणि प्रकरणच गाळतो. भिंतीवरचे फलक उतरवल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. तुलना करणारे आकडे थांबले की बिघडते. रुग्णांचे वर्ण नोंदवूच नका म्हटले असते, तर ऑक्सिमीटरची चूक दिसलीच नसती. सूत्रातून वंश काढायचा की नाही हे ठरवायलाही आधी वंशानुसार आकडे तपासावे लागतात.

दुसरा धोका आतला आहे, म्हणून त्याबद्दल बोलणे अवघड जाते. विषयाची पोथी होते. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि अमेरिकी विद्यापीठांनी घाईघाईने केंद्रे, पदे, सक्तीची प्रशिक्षणे उभी केली. बोस्टन विद्यापीठातले वंशवादविरोधी संशोधनाचे केंद्र त्याच वर्षी इब्राम केंडी यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या देणग्यांवर सुरू झाले. २०२३ मध्ये तिथे मोठी कर्मचारी कपात झाली आणि जून २०२५ अखेर ते बंद पडले. आर्थिक गैरव्यवहार झाल्याचे विद्यापीठाच्या चौकशीत आढळले नाही. प्रश्न एका व्यक्तीचा नाहीच. शोकाच्या लाटेवर आलेला पैसा लाट ओसरल्यावर जातो आणि अभ्यासाला लागणारा काळ लाटेहून फार मोठा असतो.

पोथीचे पहिले लक्षण म्हणजे अभ्यासाच्या जागी प्रशिक्षण येणे. सुप्त पूर्वग्रह मोजणारी संगणकीय चाचणी १९९८ मध्ये आली आणि तिच्याभोवती कार्यशाळांचा धंदा उभा राहिला. २०१९ मध्ये जवळपास पाचशे अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. चाचणीतले गुण थोडे बदलता येतात, पण त्यामुळे वागणे बदलते असे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकी कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. सक्तीच्या विविधता-प्रशिक्षणानंतर व्यवस्थापक पदांवरील कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण वाढण्याऐवजी घटलेले त्यांना आढळले. वंशवादाच्या अभ्यासकांनीच ही माहिती दिली आहे. पोथीवाल्यांना ती वाचायला आवडत नाही आणि बंदीवाले ती वाचून अभ्यासच बंद करायला निघतात.

दुसरे लक्षण म्हणजे जगाचे दोनच कप्पे करणे. केंडी यांनी २०१९ च्या पुस्तकात प्रत्येक धोरण एक तर वंशवादी किंवा वंशवादविरोधी असते, मधले काही नसते, अशी मांडणी केली. सभेत ती जोरकस वाटते. फुफ्फुसांच्या क्षमतेचा प्रश्न घेऊन ती पाहू. स्पायरोमीटरच्या मोजणीत कृष्णवर्णीयांची क्षमता मुळातच कमी धरून दुरुस्ती करण्याची पद्धत फार जुनी. तिचे एक मूळ सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरपाशी पोचते. गुलामांनी पळून जाणे हा एक रोग आहे, असे १८५१ मध्ये लिहिणारा हाच तो. लंडी ब्रॉन यांनी २०१४ च्या पुस्तकात हा सारा इतिहास उलगडला. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या ॲस्बेस्टॉस खटल्यांत एका कंपनीने याच दुरुस्तीच्या आधारे मागणी केली की, कृष्णवर्णीय कामगारांनी दावा लावण्यापूर्वी गोऱ्यांपेक्षा जास्त बिघाड दाखवावा. २०२३ मध्ये अमेरिकी छातीविकार तज्ज्ञांच्या संस्थेने वंशविरहित मापनाची शिफारस केली. येथपर्यंत सर्व सरळ आहे.

पण पुढे गाठ पडते. नव्या मापनात अनेक कृष्णवर्णीयांच्या फुफ्फुसांचा बिघाड अधिक गंभीर ठरतो. त्यामुळे कोणाला अपंगत्वाची भरपाई वाढून मिळेल. पण कोणी अग्निशामक दलाच्या नोकरीला अपात्र ठरेल आणि कोणाला कर्करोगाची शस्त्रक्रिया झेपणार नाही, असे म्हणून ती नाकारली जाऊ शकेल. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी हे दोन्ही बाजूंचे परिणाम मांडले. आता हे धोरण कोणत्या कप्प्यात टाकायचे? इथे घोषणा संपते आणि विषय सुरू होतो. वैद्यकाला कायद्याची, कायद्याला श्रमबाजाराची आणि त्या सर्वांना इतिहासाची गरज लागते ती इथे.

तिसरे लक्षण म्हणजे सोयीच्या गोष्टीला प्रश्न न विचारणे. १९३० च्या दशकात एका संघीय गृहकर्ज संस्थेने अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून धोक्याच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या. त्या लाल रंगाने कृष्णवर्णीय वस्त्यांची गरिबी घडवली, असे अनेक वर्गांत शिकवले जाते. अर्थशास्त्रज्ञांनी कागदपत्रे पुन्हा तपासली तेव्हा चित्र गुंतागुंतीचे झाले. काहींना नकाशांचा स्वतंत्र परिणाम दिसला. काहींच्या मते त्या वस्त्या आधीच खंगलेल्या होत्या आणि खरा जाच गृहकर्जाचा विमा देणाऱ्या दुसऱ्याच सरकारी संस्थेचा होता. तिने आपले निकष स्वतंत्रपणे लावले. १०८ शहरांच्या २०२० मधल्या अभ्यासात लाल वस्त्यांपैकी बहुसंख्य आजही शेजारच्या भागांहून अधिक तापतात, हेही आढळले. या वादामुळे अन्याय पुसला जात नाही. उलट दोषी कोण हे नेमके कळते. चुकीच्या कार्यालयाला दोष देणारा विद्यार्थी उद्या चुकीच्या कार्यालयाचे धोरण बदलत बसेल.

या दोन धोक्यांचे एकमेकांवाचून चालत नाही. बंदी आली की आतले लोक तटबंदी करतात; घरच्या टीकेलाही मग फितुरी म्हटले जाते. पोथी बनली की बंदीवाल्याला दाखवायला आयता नमुना मिळतो. मधल्या मध्ये जो भरडला जातो तो शंकेखोर अभ्यासक. आणि वंशवादाच्या इतिहासात कामाला आले ते शंकेखोरच. दु बॉइस यांनी हॉफमनचे आकडे जाळले नाहीत, वाचले. आंबेडकरांनी नाकांची मापे शिवी म्हणून टाकून दिली नाहीत, मांडून दाखवली.

म्हणून असा अभ्यासक्रम उघडताना काही अटी कडकपणे पाळाव्या लागतील. विद्यार्थ्याला निदान एका शास्त्राची पद्धत नीट आलीच पाहिजे. सगळ्यातले थोडे थोडे शिकलेल्याला कुणाचेच आकडे तपासता येत नाहीत. वाचनाच्या यादीत परस्परांना खोडणारे दोन तरी लेख प्रत्येक प्रकरणात हवेत. सुप्रजननशास्त्राचा इतिहास पहिल्याच महिन्यात शिकवला जावा, म्हणजे विद्वत्ता कशी फसते हे विद्यार्थ्याला स्वतःच्या विद्वत्तेबद्दलही कळेल. परीक्षा विद्यार्थ्याच्या भूमिकेची नसावी. पुरावा आणि दावा यांतले अंतर त्याला मोजता येते का, याची असावी. आणि विषय शिकवणाऱ्यांच्या नेमणुका अनुदानाच्या लाटेवर न सोडता कायम पदांवर व्हाव्यात.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रातही विद्याशाखांच्या भिंती ओलांडणारे विषय महाविद्यालयांत येत आहेत. जात, भेदभाव, वर्ण यांवरचे अभ्यासक्रम त्यांत असावेत. आपल्याकडे मालमसाला भरपूर आहे आणि गरजही. पण दोन श्रेयांकांचा, एका अध्यापकाच्या गळ्यात मारलेला, टिपणांवर चालणारा असा विषय आला, तर तो पहिल्या दिवसापासून पोथीच असेल आणि कोणीतरी त्यावर बंदी मागेल तेव्हा त्याच्या बाजूने दाखवायला एकही तपासलेला आकडा नसेल. अमेरिकेत आज नेमके हेच घडते आहे. ज्या विभागांनी गुणक, यंत्रे, नकाशे तपासले त्यांच्या हातात पुरावे आहेत. ज्यांनी फक्त घोषणा दिल्या त्यांच्या हातात काही नाही. विद्यापीठाने एकदा वंशवाद शास्त्र म्हणून शिकवला, तेव्हाही बहुतेकांना आपण सत्कार्य करत आहोत असेच वाटत होते. सद्भावनेवर विसंबून चालण्याची मुभा या विषयाला तेव्हापासून उरलेली नाही.